घोटाळ्यांनंतरही तेच मत का? ब्रिटिश मतदाराच्या निष्ठेविषयी

एका वाचकाचा प्रश्न आला आहे, तो आधी थोडक्यात मांडते. नोकरीसाठी ते २०१९ च्या अखेरीस नाशिकहून लेस्टरला आले. तेव्हापासून त्यांनी टाळेबंदीचे नियम मोडल्याबद्दल दंड भरणारे पंतप्रधान पाहिले, ४९ दिवसांत संपलेली कारकीर्द पाहिली, राजीनामा देऊन आठवड्याभरात परतलेले मंत्री पाहिले, आणि सत्ताबदल झाल्यावर नव्या सरकारातही कराच्या प्रकरणावरून उपपंतप्रधानांना जावे लागलेले पाहिले. त्यांच्या शेजारी राहणारे सत्तरीतले गृहस्थ अडीअडचणीला धावून येणारे, अत्यंत सज्जन, पण राजकारणाचा विषय निघाला की त्यांचे एकच वाक्य असते, "आमच्या घरात नेहमी हुजूर पक्षालाच मत दिले जाते." इतके सारे डोळ्यांदेखत घडूनही शिकलीसवरलेली माणसे त्याच नावापुढे फुली कशी मारतात, आणि अशा निष्ठेपुढे आपल्या एका मताला काय किंमत उरते, असे त्यांनी संतापाने विचारले आहे.

हा संताप मला ओळखीचा आहे, कारण मी गेली एकोणीस वर्षे लेस्टर आणि आसपासच्या गावांमध्ये निवडणुकीचे काम करते. सुरुवातीला पत्रके वाटली, पुढे मतदारांच्या दारोदार फिरून कल नोंदवला आणि गेल्या काही निवडणुकांत उमेदवाराची अधिकृत एजंट म्हणून खर्चाच्या हिशेबावर सही केली. पक्षाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ते लिहिले की प्रत्येक वाक्य त्या रंगाचे वाटू लागते.

आधी एक समजूत दुरुस्त करायला हवी. निष्ठा तुम्हाला वाटते तितकी अभेद्य राहिलेली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये हुजूर पक्षाला जवळजवळ १ कोटी ४० लाख मते आणि ३६५ जागा मिळाल्या होत्या. ४ जुलै २०२४ रोजी मते ६८ लाखांवर आणि जागा १२१ वर आल्या. त्यांतले काही मतदार दरम्यान वारले असतील हे धरले, तरी साडेचार वर्षांत निम्म्याहून अधिक मते जाणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याच काळात मजूर पक्षाची मते वाढलीच नाहीत. ती जवळपास १ कोटी ३ लाखांवरून ९७ लाखांवर उतरली, आणि तरीही त्यांच्या जागा २०२ वरून ४११ झाल्या. मतदानाचे प्रमाण ६७ टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या आसपास आले, आणि रिफॉर्म यूके या नव्या उजव्या पक्षाने ४१ लाख मते घेतली. माझे म्हणणे या आकड्यांतच आहे. येथील एकनिष्ठ मतदार घोटाळ्याने दुखावला तरी सहसा समोरच्या पक्षाकडे जात नाही; तो दोन्ही जुन्या पक्षांच्या बाहेर जातो किंवा घरी बसतो. आणि तो जातो तेही बातमी छापून येते तेव्हा नव्हे, तर त्या प्रकरणाची झळ आपल्या घरापर्यंत पोहोचली असे त्याला वाटते तेव्हा.

बातमीने काय होते याचे उदाहरण हार्टलपूलचे आहे. एप्रिल २०२१ मध्ये हुजूर पक्षाचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या डाउनिंग स्ट्रीटमधील निवासस्थानाच्या सजावटीचा खर्च नेमका कोणी केला, यावरून वर्तमानपत्रे भरभरून लिहीत होती, आणि २८ एप्रिलला निवडणूक आयोगाने औपचारिक चौकशी सुरू केली. त्यानंतर आठच दिवसांनी झालेल्या पोटनिवडणुकीत, १९७४ मध्ये मतदारसंघ निर्माण झाल्यापासून मजूर पक्षाकडे असलेली ती जागा हुजूर पक्षाने सुमारे ७ हजारांच्या मताधिक्याने जिंकली. लोक त्या वसंतात लस टोचून घेऊन घरी परतत होते, दुकाने पुन्हा उघडत होती, ब्रेक्झिटचा प्रश्न मिटल्यासारखा वाटत होता. पंतप्रधानांच्या भिंतीवरचा कागद कोणाच्या पैशाने लागला, याचे त्यांना सोयरसुतक नव्हते. त्या दिवसांत मी स्वतः दारांवर हा विषय काढून पाहिला होता. उत्तर बहुधा एकच मिळे: सगळे एकाच माळेचे मणी आहेत, मग निदान आपले तरी असू देत.

हे "आपले" कुठून येते, ते समजून घेतल्याशिवाय तुमच्या शेजाऱ्यांचे वाक्य कळणार नाही. अनुभवाने सांगते, दारावर "मत कोणाला देणार" या प्रश्नापेक्षा "तुमचे वडील काय काम करत होते" या प्रश्नाचे उत्तर अधिक सांगून जाते. आमच्या काउंटीच्या वायव्येला कोळशाच्या खाणी होत्या आणि शहरात होजिअरीचे कारखाने. तेथे कामगार संघटनेचे कार्ड आणि मजूर पक्षाचे मत एकाच पाकिटात मुलाकडे आले. पूर्वेकडच्या शेतीवाल्या गावांत चर्च, शेतकऱ्यांची मंडळी आणि हुजूर पक्षाचा क्लब यांतून दुसरी निष्ठा घडली. अशा घरातल्या माणसासाठी पक्ष बदलणे म्हणजे वारलेल्या वडिलांचे म्हणणे खोडून काढणे असते. खाणकामगारांच्या पट्ट्यातल्या बोल्सोव्हरमध्ये डेनिस स्किनर १९७० पासून सलग खासदार होते. २०१९ मध्ये तीही जागा गेली, पण ते कोणत्या घोटाळ्यामुळे नव्हे, तर ब्रेक्झिटमुळे. माणसाच्या ओळखीला धक्का लागला तर निष्ठा हलते. नेत्याच्या चारित्र्याला लागलेल्या धक्क्याने तितकी हलत नाही.

दुसरे कारण निवडणूक पद्धतीत आहे, आणि संतापलेल्या लोकांच्या ते लक्षात येत नाही. सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार जिंकतो, आणि मत एकच असते. आपल्या पक्षाला धडा शिकवायचा असेल, तर ज्याच्याविरुद्ध आयुष्यभर मत दिले त्याला सत्तेवर बसवण्याची तयारी ठेवावी लागते. सार्वत्रिक निवडणुकीत हा सौदा निष्ठावंताला परवडत नाही. पोटनिवडणुकीत मात्र सरकार बदलण्याचा धोका नसतो, म्हणून त्याचा खरा राग तेथे दिसतो. ओवेन पॅटरसन या हुजूर खासदारांनी पैसे घेऊन कंपन्यांची रदबदली केल्याचा निष्कर्ष कॉमन्सच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, आचरणविषयक समितीने काढला आणि ३० दिवसांच्या निलंबनाची शिफारस केली. ३ नोव्हेंबर २०२१ रोजी सरकारने पक्षादेश काढून ती शिफारस रोखली, दुसऱ्या दिवशी माघार घेतली, आणि पॅटरसन यांनी खासदारकी सोडली. त्यांचा मतदारसंघ नॉर्थ श्रॉपशायर हा जवळपास दोनशे वर्षांचा हुजूर बालेकिल्ला होता. १६ डिसेंबरला तेथील सुमारे २३ हजारांचे मताधिक्य वाहून गेले आणि लिबरल डेमोक्रॅट उमेदवार जवळपास ६ हजार मतांनी निवडून आल्या. लोक मजूर पक्षाकडे गेले नाहीत, हे लक्षात घ्या. ज्यांच्याशी पिढीजात वैर नव्हते अशा तिसऱ्या पक्षाकडे गेले.

तुम्ही लेस्टरला राहता, म्हणून आपल्याच शहराचे उदाहरण देते, कारण निष्ठा कशी टिकते आणि कशी फुटते हे लेस्टर ईस्टइतके स्पष्ट मी दुसरीकडे पाहिलेले नाही. भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती असलेल्या या मतदारसंघात कीथ वाझ १९८७ पासून मजूर पक्षाचे खासदार होते. सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांच्याविषयी वर्तमानपत्रात गंभीर आरोप प्रसिद्ध झाले आणि त्यांना गृह खात्याच्या संसदीय समितीचे अध्यक्षपद सोडावे लागले. नऊ महिन्यांनी, जून २०१७ मध्ये, त्यांना ६७ टक्के मते आणि २२ हजारांहून अधिक मताधिक्य मिळाले. बाहेरच्या माणसाला ही अंधभक्ती वाटेल. पण दारांवर मी जे ऐकले त्यात भक्ती कमी आणि हिशेब जास्त होता: कोणाच्या आईचा व्हिसा अडला होता, कोणाच्या भावाचे कागद गृह खात्यात वर्षभर पडून होते, आणि खासदारांच्या कार्यालयातून पत्र गेल्यावर काम हलले. हे नाते वर्तमानपत्राच्या मथळ्याने तुटणारे नव्हते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मात्र कॉमन्सच्या आचरणविषयक समितीने आचारसंहितेच्या गंभीर भंगाबद्दल सहा महिन्यांच्या निलंबनाची शिफारस केली, ती सभागृहाने मान्य केली आणि ते पुढच्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत. त्यांच्यानंतर निवडून आलेल्या क्लॉडिया वेब यांचे मताधिक्य ६ हजारांवर आले. २०२१ मध्ये छळवणुकीच्या खटल्यात त्या दोषी ठरल्या आणि पक्षाने त्यांना काढून टाकले. २०२४ मध्ये हे दोघेही माजी नेते आपल्याच जुन्या पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध उभे राहिले, मते चार ठिकाणी फाटली, आणि देशभर हुजूर पक्षाचा धुव्वा उडत असताना लेस्टर ईस्ट ही त्या पक्षाने दुसऱ्याकडून घेतलेली एकमेव जागा ठरली. विजयी उमेदवार शिवानी राजा यांना एक तृतीयांशापेक्षाही कमी मते होती. म्हणजे येथेही मतदार मोठ्या संख्येने दुसऱ्या बाजूला गेले नाहीत. त्यांचे घर मोडले आणि ते विखुरले.

आता झळ घरापर्यंत पोहोचण्याविषयी. २९ जून २०२० रोजी लेस्टरवर स्थानिक टाळेबंदी जाहीर झाली; देशात अशी वेळ सर्वांत आधी या शहरावर आली. ४ जुलैला इंग्लंडभर पब आणि उपाहारगृहे उघडली, तेव्हा आपल्याकडची बंद होती. घरी कोणाला बोलावता येत नव्हते, आणि ते निर्बंध या ना त्या स्वरूपात पुढे महिनोन्‌महिने चालू राहिले. नंतर कळले की २० मे २०२० रोजी डाउनिंग स्ट्रीटच्या बागेत येण्याचे आणि येताना आपापले मद्य आणण्याचे निमंत्रण पंतप्रधानांच्या कार्यालयातून सुमारे शंभर जणांना गेले होते. १६ एप्रिल २०२१ च्या रात्री, प्रिन्स फिलिप यांच्या अंत्यविधीच्या आदल्या दिवशी, त्याच इमारतीत नोकरी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांचे दोन निरोपसमारंभ झाले. दुसऱ्या दिवशी राणी चॅपेलमध्ये एकट्या बसलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या. पोलिसांनी एकूण ८३ व्यक्तींना १२६ दंड ठोठावले, त्यांत पंतप्रधान आणि अर्थमंत्रीही होते.

दंडाची बातमी आली त्या आठवड्यात, एप्रिल २०२२ मध्ये, मी शहराच्या उत्तरेकडच्या एका रस्त्यावर यादी घेऊन फिरत होते. आमच्या याद्यांवर प्रत्येक नावापुढे आधीच्या फेऱ्यांतला कल लिहिलेला असतो, आणि त्या घरातल्या आजींपुढे अनेक वर्षांपासून एकच खूण होती: हुजूर पक्ष, पक्के मत. अशा दारावर आम्ही सहसा थांबत नाही. आजींनीच हाक मारून थांबवले आणि आत जाऊन कपाटाच्या खणातून एक गठ्ठा आणला. २०२० च्या वसंतात त्यांचे यजमान गेले, तेव्हा अंत्यविधीच्या कार्यक्रमाच्या साठ पत्रिका त्यांनी छापून घेतल्या होत्या, वर यजमानांचा नौदलाच्या गणवेशातला फोटो. परवानगी दहा माणसांना मिळाली. उरलेल्या पन्नास पत्रिका रबर लावून तशाच ठेवलेल्या होत्या. पार्टी झाली याचा त्यांना तितकासा राग नव्हता. डिसेंबरमध्ये दूरचित्रवाणीवर दाखवलेली ती चित्रफीत, ज्यात पंतप्रधानांचे कर्मचारी पार्टीविषयी काय उत्तर द्यायचे याचा सराव करताना हसत होते, ती त्या विसरू शकत नव्हत्या. "ते हसत होते," एवढेच त्या दोनदा म्हणाल्या. मी विचारले, यावेळी दुसऱ्या कोणाला मत देणार का? त्यांना तो प्रश्नच विचित्र वाटला. दुसऱ्या कोणाला म्हणजे कोणाला?

निवडणुकीनंतर पक्षांना एक यादी मिळू शकते, जिच्यात मत कोणाला दिले हे नसते, परंतु कोण मतदानाला आले त्यांच्या नावांवर खूण असते. २०२४ ची यादी हाती आली तेव्हा मी त्या रस्त्याचे पान काढून पाहिले. आजी हयात होत्या, नाव यादीत होते, खूण नव्हती. माझ्याकडे असलेल्या जुन्या याद्यांत त्यांची खूण प्रत्येक वेळी आहे.

केवळ पार्टीमुळे सत्ता गेली, असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणणारे लोक स्वतःच्या रागाला देशाचा राग समजतात. २३ सप्टेंबर २०२२ च्या लिझ ट्रस सरकारच्या अर्थसंकल्पात कोणताही नैतिक घोटाळा नव्हता. पण महिन्याभरात दोन वर्षांच्या गृहकर्जाचे दर ६ टक्क्यांवर गेले, आणि तोवर डळमळीत असलेले तरुण कुटुंबवाले मतदार त्या एका महिन्यात गेले ते परत आलेच नाहीत. दारांवर २०२३ आणि २०२४ मध्ये मी पार्टीपेक्षा कर्जाचा हप्ता कितीतरी अधिक वेळा ऐकला. उलट दिशेचे उदाहरण जॉन्सन यांच्याच मतदारसंघाचे आहे. त्यांनी कॉमन्सची दिशाभूल केल्याचा निष्कर्ष हुजूर खासदारांचेच बहुमत असलेल्या समितीने काढला, १९ जून २०२३ रोजी सभागृहाने तो ३५४ विरुद्ध ७ मतांनी स्वीकारला, त्याआधीच त्यांनी खासदारकी सोडली होती. महिन्याभरात अक्सब्रिजला पोटनिवडणूक झाली आणि हुजूर पक्षाने ती ४९५ मतांनी राखली, कारण जुन्या मोटारींवर लंडनच्या महापौरांनी तेथेही लावायचे ठरवलेला दिवसाला साडेबारा पौंडांचा आकार मतदारांच्या खिशाला लागणार होता.

म्हणून मला मतदारांपेक्षा व्यवस्थेचा राग अधिक येतो. मंत्र्यांच्या आचारसंहितेचा भंग झाला की नाही, याचा अंतिम निर्णय पंतप्रधानच करतात. नोव्हेंबर २०२० मध्ये या संहितेविषयी पंतप्रधानांचे स्वतंत्र सल्लागार असलेले सर अ‍ॅलेक्स अ‍ॅलन यांनी गृहमंत्री प्रीती पटेल यांचे कर्मचाऱ्यांशी वागणे दमदाटीच्या व्याख्येत बसते असा निष्कर्ष दिला. पंतप्रधानांनी तो मानला नाही, मंत्री राहिल्या आणि सल्लागारांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या लॉर्ड गाइट यांनीही जून २०२२ मध्ये राजीनामा दिला. न्याय देणारी दुसरी जागाच नसेल, तर सगळा भार पाच वर्षांतून एकदा मारायच्या फुलीवर येऊन पडतो, आणि त्याच फुलीने कर, दवाखाने, शाळा, स्थलांतर यांचाही निवाडा करायचा असतो.

नव्या सरकारात काही सुधारणा खरोखर झाल्या. नोव्हेंबर २०२४ पासून सल्लागाराला पंतप्रधानांच्या संमतीवाचून चौकशी सुरू करता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये उपपंतप्रधान अँजेला रेनर यांनी घरखरेदीवर सुमारे ४० हजार पौंड कर कमी भरल्याचे समोर आले, तेव्हा त्यांनी स्वतःहून चौकशी मागितली, सल्लागारांनी प्रामाणिकपणा मान्य करूनही आचारसंहितेचा भंग झाल्याचे सांगितले, आणि काही दिवसांत त्या पायउतार झाल्या. २०२० च्या तुलनेत हा फरक मोठा आहे, आणि तो मी दारांवर कळकळीने सांगून पाहिला. लोकांना तो दिसत नाही. त्यांना आठवते ते २०२४ चे शरद: पंतप्रधान स्टार्मर यांना देणगीदाराने कपडे आणि चष्मे घेऊन दिल्याची बातमी, आणि त्याच सुमारास बहुतेक निवृत्तांचे बंद झालेले २०० ते ३०० पौंडांचे हिवाळी इंधन अनुदान. त्या भेटी नियमांत बसत होत्या की नाही, हा मुद्दा अनुदान गेलेल्या माणसापुढे टिकत नाही. १ मे २०२५ रोजी रनकॉर्न आणि हेल्सबी ही मजूर पक्षाची जागा रिफॉर्मने ६ मतांनी घेतली, आणि त्याच दिवशी आपल्या लेस्टरशायर काउंटी परिषदेत तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. कपाटातल्या पत्रिका आणि बंद झालेले अनुदान, या दोन्हींचा राग तिकडे गेला आहे.

तुमच्या मताविषयी. भारतीय नागरिकत्व असले तरी येथे कायदेशीर वास्तव्य असल्याने तुम्हाला संसदेच्या निवडणुकीसह सर्व मतदान करता येते. आपले अनेक मराठी लोक वर्षानुवर्षे राहूनही नाव नोंदवत नाहीत. नोंदणी करा, आणि मतदानाला जाताना फोटो असलेले ओळखपत्र न्या, भारतीय पासपोर्ट चालतो. दोन निवडणुकांच्या मध्येही काही करता येते. समितीच्या शिफारशीवरून खासदाराचे किमान दहा बैठकींच्या दिवसांसाठी निलंबन झाले आणि मतदारसंघातल्या १० टक्के मतदारांनी सहा आठवड्यांत सह्या केल्या, तर जागा रिकामी होते. आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर वेलिंगबरोमध्ये २०२३ मध्ये हे झाले, आणि पुढच्या फेब्रुवारीत १८ हजारांचे मताधिक्य असलेली हुजूर पक्षाची जागा पोटनिवडणुकीत गेली. त्या सह्यांना पक्ष लागत नाही, म्हणून निष्ठावंत माणूसही तेथे जाऊन सही करू शकतो.

शेजाऱ्यांशी पक्षावरून वाद घालू नका. तो त्यांच्या वडिलांशी वाद ठरेल आणि ते दार बंद होईल. त्यांना २०२० मध्ये त्यांच्या घरात काय घडले ते विचारा, आणि शांतपणे ऐका. "आमच्या घरात नेहमी" असे ते म्हणतात, हे तुम्हीच लिहिले आहे. ४ जुलै २०२४ रोजी ते स्वतः मतदान केंद्रावर गेले होते का, हे तुमच्या प्रश्नात कुठे आलेले नाही.